भासरे आले की पदर

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून मोबाईलवर गेम खेळत होतो. सत्तरीचा म्हातारा आणि पासष्टीची म्हातारी. कुणाला हसायचं असेल तर हसू द्या. येळवस, म्हणजे शेतातली वेळ अमावास्या, होऊन आठ दिवस झाले होते. तुरीच्या शेंगा सोलून सुभद्राचे हात चिकट झालेले, म्हणून मोबाईल माझ्या हातात आणि हुकूम तिचा.

"डावीकडं घ्या. अवं, डावीकडं म्हणायले मी! जेवायचा हात नव्हं, दुसरा!"

"मला कळतंय डावं-उजवं."

"कळतंय तर त्या भुताच्या तोंडात कशाला घातलं तुमी?"

मी मोबाईल खाली ठेवला. ती हसत हसत शेंगांचं टोपलं घेऊन उठली आणि म्हणाली, "मनीला सांगू का, तुमी तिचा गेम खेळायलाव म्हणून?"

"काही सांगायचं नाही," मी म्हणालो.

मनी म्हणजे मनीषा, आमची एकुलती एक लेक. पुण्याला मोबाईलचे गेम बनवते. हा गेम तिनंच बनवलेला. आणि तिच्याशी मी पाच वर्षं बोललो नव्हतो.

ज्यांनी सुभद्राला पाहिलं नाही त्यांना सांगतो. ठेंगणी, सावळी, चालणं झपझप. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, अगदी शेतात वाकून काम करतानासुद्धा. कुणी रडगाणं घेऊन आलं की सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं. मग आता?" पत्रे उडाले तेव्हा हेच म्हणाली, दुभती म्हैस मेली तेव्हाही हेच. कधी कधी मला तिचा राग यायचा. माणसाला थोडं रडू तरी द्यावं. पण तिचं ते "मग आता?" ऐकलं की हात आपोआप कामाला लागायचे.

मनीचं आणि माझं बिनसलं ते असं. लोहाऱ्याहून पाहुणे तिला बघायला आले होते. मुलगा मास्तर. त्यांनी विचारलं, मुलगी पुण्याला काय करते? मनी म्हणाली, गेम बनवते. ती पुढं काही बोलायच्या आत मी म्हणालो, "काही नाही हो, पोरांना खुळं करायचा धंदा. लग्न झालं की बंद होईल." मनीनं चहाचा ट्रे तिथंच खाली ठेवला आणि आत गेली.

पाहुणे गेल्यावर ती माझ्यापुढं उभी राहिली. "अण्णा, चार लोकांत असं बोलायचं होतं का?"

"मग काय चुकलं माझं? दुसऱ्याच्या पोरांना नादी लावायचं, त्याला काम म्हणत न्हाईत."

दुपारच्या एसटीनं ती गेली. माझं चुकलं हे मला गाडी फाट्यावरून वळायच्या आतच कळलं होतं. पण बापानं आधी तोंड कसं उघडायचं ते कळलं नाही. त्या न कळण्यात पाच वर्षं गेली.

मनी घरी यायची, राहायची, पण बोलणं सगळं सुभद्राच्या मार्फत. मी समोर बसलेला असायचो आणि मनी म्हणायची, "आई, अण्णांना विचार, बीपीची गोळी घेतली का." मी म्हणायचो, "तिला सांग, घेतली." मग मी म्हणायचो, "तिला सांग, गाडी साडेदहाची हाय." मनी म्हणायची, "सांग, माहिती आहे."

एकदा सुभद्रानं हातातलं पीठ झटकलं आणि म्हणाली, "मी काय एसटीची कंडक्टर हाय का? बाप पुढं बसणार, लेक मागं बसणार, आन् मी मधी दोरी ओढत हुबारायचं?" आम्ही दोघंही हसलो. पण एकमेकांकडं न बघता.

गेल्या वर्षी मनी दिवाळीला आली ती कामच घेऊन आली. तिच्या साहेबानं तिच्यावर एक गेम सोपवला होता. मूळचा गेम लई जुना. एक पिवळं गोल तोंड बोळाबोळांतून ठिपके खात फिरतं आणि चार भुतं त्याच्या मागं. उमरग्याला स्टँडाजवळ एका दुकानात असले खोके मी पाहिले होते. शाळा बुडवून पोरं त्यांना चिकटलेली असायची. त्या गेमचा मला राग होता तो तिथूनच. पण जुन्या गेमची चौकट बंद. ठिपके संपले की डाव संपला. साहेबानं मनीला सांगितलं, आता असा कर की डाव संपायलाच नको. वरून नवे बोळ येत राहतील, खालून जुने पुसले जातील, तोंडानं पळतच राहायचं. जमलं तर मनीच्या हाताखाली माणसं देणार होते. नाही जमलं तर तिला दुसऱ्यांच्या गेममधल्या चुका शोधायला बसवणार. हे सगळं ती आईला सांगत होती आणि मी भिंतीकडं तोंड करून ऐकत होतो.

सुभद्रानं विचारलं, "पळून पळून घर कवा येतं?"

"येत नाही, आई. न संपणारा गेम आहे."

"म्हंजी बाईच्या जातीसारखंच म्हण की."

मनीनं तिच्या हातात मोबाईल दिला. सुभद्रानं पाच-सहा वळणं घेतली आणि थांबली. "हे खालचं काय व्हायलंय?"

"पुसलं जातंय. मागं जाता येत नाही."

सुभद्रानं मोबाईल ठेवला आणि गोठ्यात निघून गेली. मनीला वाटलं, आईला आवडलं नाही. मला माहीत होतं काय झालं ते. आमचं जुनं सास्तूर असंच बोळाबोळांचं होतं. समोरून बैल आला तर माणसानं भिंतीला चिकटायचं. भूकंपात ते गाव गेलं. आता जिथं राहतो ते नवं गाव, रस्ते सगळे सरळ, ह्या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाची म्हैस दिसते. मनी नव्या गावात जन्मली. तिला बोळ माहीत नव्हते, आणि ते पुसले गेले हेही तिच्या डोळ्यांपुढचं नव्हतं. तिला हे सांगावं असं मला वाटलं. सांगायला तोंड नव्हतं.

दोन दिवसांनी सुभद्रा स्वतःच म्हणाली, "आण तो मोबाईल. पुसणारं पुसू दे. म्या बोळातच नांदायला आले हुते."

आणि काय पळाली! मनीचे साहेब लोक जेवढं पळाले नसतील तेवढं. मनी नुसती बघत राहिली. चारी भुतांना सुभद्रानं नावं दिली होती. गुलाबी भूत तिची नणंद. "मागं लागत न्हाय, पुढं जाऊन अडवती बघ, तशीच हाय." लाल भूत सरळ अंगावर येतं, ते भासरे. भासरे म्हणजे माझा थोरला भाऊ. तो वारून आता सात-आठ वर्षं झाली. पण तो होता तोवर सुभद्रा त्याच्यासमोर कधी मान वर करून उभी राहिली नाही. बैठकीत त्याचा खाकरा ऐकू आला की तिचा हात पदराकडं जायचा.

तेच गेममध्ये झालं. लाल भूत आलं की हिचा हात मोबाईलवरून उठायचा आणि पदर पुढं ओढायचा. तेवढ्यात पिवळं तोंड खलास. एकदा झालं, दोनदा झालं, दहादा झालं.

"आई, बोट काढू नकोस ना!"

"अगं, भासरे आले की!"

"आई, ते भूत आहे."

"असू दे. भूत झाले म्हणून काय नातं सुटलं व्हय?"

मनी हसून हसून लोळली. मग एकाएकी आईच्या हाताकडं बघत बसली. दुसऱ्या दिवशी दिवसभर कॉम्प्युटरवरून उठली नाही. संध्याकाळी आईला म्हणाली, "आता भासरे आले की बोट खुशाल काढ." सुभद्रानं बोट उचललं. पिवळ्या तोंडानं डोक्यावरून पदर घेतला, जागच्या जागी गप उभं राहिलं, आणि लाल भूत बाजूनं निघून गेलं. बोट टेकवलं की पदर मागं आणि पळणं सुरू. पण सारखा सारखा पदर घेता येत नाही. मधी बरेच ठिपके खावे लागतात.

"हां," सुभद्रा म्हणाली. "आता दम खायला जागा झाली."

त्या गेममध्ये आणखी एक आहे. मोठा ठिपका खाल्ला की भुतं भिऊन निळी पडतात आणि उलटी पळायला लागतात. तेव्हा त्यांना खाल्लं तर जास्त मार्क. सुभद्रानं एकदाही खाल्लं नाही. मनी ओरडायची, "आई, खा ना त्याला!" ही म्हणायची, "भ्यालंय ते. जाऊ दे त्याला."

मनी पुण्याला जायच्या आदल्या दिवशी दोघी स्वयंपाकघरात होत्या. मी बाहेर बाजेवर. मनी म्हणत होती, "एवढं काम केलं इथं बसून, अण्णांनी एका शब्दानं विचारलं नाही." सुभद्रा म्हणाली, "तुझा बाप निळा पडलाय, बाई. त्येच्या मागं लागू नको." मी कूस बदलली. एवढ्या वर्षांत मला कुणी भित्रा म्हणलं नव्हतं. म्हणलं असतं तर मारायला धावलो असतो. त्या दिवशी निमूट पडून राहिलो, कारण खरं होतं.

पुढच्या दसऱ्याला गेम सगळ्यांच्या मोबाईलवर आला. मनीचा फोन आला तेव्हा तिचं ओरडणं मला लांबून ऐकू आलं. "आई, पदर पास झाला! साहेब म्हणाले, असं कुणाला सुचलंच नसतं!" सुभद्रानं मला सांगितलं. मी म्हणालो, "बरं." चप्पल घातली आणि किराणा दुकानात जाऊन बसलो. तिथं चार माणसांना सांगितलं, आमच्या लेकीनं गेम काढलाय, पुण्यातली माणसं विचारतात तिला. परक्यांना सांगता आलं. घरी येऊन जेवलो आणि झोपलो.

तर त्या शेवटच्या संध्याकाळी सुभद्रानं सोल्यांची, म्हणजे त्या सोललेल्या तुरीच्या दाण्यांची, आमटी केली. जेवताना म्हणाली, छातीत जड वाटायलंय, वात असेल. मी म्हणालो, सकाळी उमरग्याला दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, बघू.

सकाळी मी तिच्या आधी उठलो. असं कधी होत नसे. म्हणलं, निजू दे. म्हशीचं केलं, चूल पेटवली, चहा ठेवला. दोन कपात ओतला आणि हाक मारली. परत मारली. मग जाऊन पायाला हात लावला. पाय गार पडले होते.

शेजाऱ्यांना हाक मारली असती तर सगळे धावले असते. फोन त्यांनीच केले असते, मनीलासुद्धा. मी दार लोटून घेतलं. सुभद्राचा मोबाईल कोनाड्यात होता. नंबर मला कळत नाहीत, पण सगळ्यात वर मनीचा फोटो होता. त्यावर बोट ठेवलं.

"हं आई, बोल. इतक्या सकाळी?"

मी मोबाईल दोन्ही हातांनी कानाला धरला.

"आई? ऐकू येतंय का? रेंज नाही वाटतं."

"मने," मी म्हणालो.

मग ती हळूच म्हणाली, "अण्णा? तुम्ही? आईला द्या ना फोन."

"आई न्हाय, मने," मी म्हणालो. "मी हाय."