पाठमोरी

तिला चाळीतला सगळा जिना 'पाठमोरी' म्हणायचा. नाव जिन्याखालच्या शिंप्याने ठेवलेलं, आणि तिने ते हसून घेतलेलं. ती सिनेमात होती, पण तोंडाने नाही. नायिकेची मान, कंबर, पोटऱ्या, पाय जवळून दाखवायचे असले की हिला उभं करायचे. नायिका तेवढ्यात सावलीत बसून सरबत प्यायची.

"काय गं, आज काय काय घेऊन चाललीस कामाला?" शिंपी विचारायचा.

"कंबर आणि डावा खांदा. डोकं घरीच ठेवलंय, आईच्या सोबतीला."

लोक पोट धरून हसत. आई मात्र हसायची नाही. तिच्या डोळ्यांची नस सुकत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिवाळा निघेल, पुढचं सांगता येत नाही. आईचं एकच मागणं होतं: "डोळे आहेत तोवर तुला पडद्यावर बघू दे. तोंडासकट."

पाठमोरीने कॅमेरामनला गाठलं. माणूस भला होता. सेटवर तो 'वळ' म्हणाला की तिने कॅमेऱ्याकडे पाठ करायची, हे इतकं अंगवळणी पडलेलं की भाजीवाला "ताई, जरा वळा" म्हणाला तरी ती त्याच्याकडे पाठ करायची.

"एकदा चेहरा घ्या ना. आईसाठी."

तो भिंग पुसत राहिला. "घेईन गं. पण ठेवणारा मी नाही. कात्री दुसऱ्याच्या हातात."

जिन्याच्या दृश्यात कॅमेरा तिच्या टाचांपासून निघाला. पोटऱ्या, कंबर, पाठ, असा रेंगाळत वर चढला, आणि शेवटी कॅमेरामन हळूच म्हणाला, "आता माझ्याकडे तोंड कर." तिने केलं. भिंगात बघून हसलीसुद्धा. दिग्दर्शक वैतागला, पण कॅमेरा सुरूच राहिला.

घरी येऊन तिने आईला सांगितलं, "घेतला चेहरा." कात्रीचं काही सांगितलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा आईला अंधुक दिसत होतं. दुपारचा खेळ. शिंपी आणि त्याची बायको मागच्या रांगेत. जिना आला. टाचा आल्या, पोटऱ्या आल्या. कंबर आली तशी कोपऱ्यातून शिट्टी पडली, मग दुसरी. पाठमोरीने आईचा हात घट्ट धरला. पडद्यावरची बाई गर्रकन वळली, आणि चेहरा आला तो नायिकेचा. गोरा, गुळगुळीत, हसरा.

आई पुढे झुकून, डोळे बारीक करून बघत राहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाठ तुझीच आहे. लहानपणी मीच तेल चोळायची तिला. पण हे तोंड कुणाचं लावलंय गं?"

शिंपी एरवी अशा ठिकाणी कोटी केल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी तो खाली बघत राहिला.

पुन्हा शिट्टी पडली. आईने स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि चाचपडत, शेजारी बसलेल्या लेकीच्या पाठीवरून कमरेपर्यंत नीट पांघरली. थंडीत झोपलेल्या पोराला पांघरावी तशी. पाठमोरीने ती काढली नाही. गरम होत होतं तरी.

मध्यंतरातच त्या बाहेर पडल्या. बाहेर कडक ऊन होतं. आई पायरीवर थांबली, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला.

"पडद्यावर नाही तर नाही. इथेच बघते. उजेड बरा आहे." तिने लेकीचा दंड धरला. "वळ बघू जरा."

आणि पाठमोरी वळली. इतक्या वर्षांची सवय. शालीखालची ताठ पाठ आईसमोर धरून उभी राहिली, श्वास रोखून.

मागून आईचा हात आला. खांदा, मान, मग चाचपडत हनुवटी.

"अगं, इकडे," आई म्हणाली.