सोवळ्यात न चालणारे थेंब

माझ्या हृदयाचे ठोके ताल सोडून पडतात, हे अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा यजमान शेजारीच बसले होते. अकोल्याहून बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही मुद्दाम आलो होतो. मला जिना चढवेना. ठोके मध्येच गळत आणि मग घाईघाईनं एकावर एक येत.

डॉक्टरांनी एका विलायती झाडाच्या पानांचा अर्क दिला. आधी नाडी पाहायची, मग थेंब मोजून पाण्यात घ्यायचे. "कमी पडले तर उपयोग नाही, जास्त झाले तर विष. सारखी ओकारी येऊ लागली, सगळं पिवळं दिसलं, नाडी फार मंदावली, तर थांबा आणि मला कळवा."

यजमान वकील. त्यांनी विचारलं, "घेतले तर ही जगेल, याची हमी देता?"

"नाही. न घेतले तर मरतील, याचीही देत नाही. पण बाईंना श्वास पुरेल."

श्वास पुरला. भूक मात्र मेली, आणि फोडणीच्या वासानं मळमळू लागलं. मी मनाशी ठरवलं: मळमळ सोसेन, गुदमरणं नाही. घरच्यांचा हिशेब वेगळा होता. थेंब न घेणारी सून धापा टाकत का होईना, चुलीपाशी टिकत होती. थेंब घेणारी उठून मोरीकडे पळे.

भाद्रपदात गौरींचा सण, आमच्याकडच्या महालक्ष्म्या आल्या. सासूबाई बाळापूरच्या, बोलायला रोखठोक. "त्या बाटलीत दारू आहे. दारू पिऊन पुरण शिजवतं का कोणी सोवळ्यात?"

अर्कात स्पिरिट होतं, हे खरं. मी म्हटलं, "मग स्वयंपाकाला दुसरं कोणी बोलवा."

"काहून? माही सून मेली काय?"

यजमान म्हणाले, "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे." इतका आखूड युक्तिवाद त्यांनी कोर्टात कधी केला नसेल.

बाटली कोनाड्यात राहिली. जेवणाच्या दिवशी बाहेर पंगत बसली होती आणि पुरण घाटता घाटता माझा श्वास अडकला. मी चुलीपुढं बसकण मारली. सासूबाईंनी आधी पातेलं उतरवलं, मग मला हात दिला.

मी बाटली मागितली. कोणी हललं नाही. भिंत धरून मीच कोनाड्यापर्यंत गेले. नाडी पाहिली आणि ठरलेले थेंब घेतले. चुकलेले भरून काढावेत असं वाटलं होतं, पण जास्तीचे थेंब म्हणजे विष.

"आता चुलीले शिवू नको," सासूबाई म्हणाल्या.

"बरं," म्हटलं आणि खोलीत जाऊन उशीला टेकून बसले. उरलेल्या पोळ्या त्यांनी लाटल्या.

त्यानंतर सणाच्या स्वयंपाकाला मी हात लावलेला नाही. मळमळ आहेच. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्रासांत यजमान आणखी एकाची भर घालतात. आल्यागेल्याला सांगतात, "त्या थेंबांनी हिचा स्वभाव बिघडला." धाप गेली का, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.