किमोनो, लाल पूल आणि आग्यामोहोळ

"ताई, एकच स्मोक बॉम्ब. रीलसाठी," रोहित म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "खाली पाण्यात मासे आहेत. बागेचीही परवानगी नाही."

स्मोक बॉम्ब म्हणजे हातात धरायची एक नळी. पेटवली की रंगीत धूर निघतो. प्री-वेडिंग शूटमध्ये त्याची सध्या फार हौस असते. रोहित हा नवरदेवाचा मित्र. त्याने ती नळी खिशात घातली. विषय संपला, असं मला वाटलं.

मी जळगावची फोटोग्राफर. शहराबाहेरच्या एका खासगी बागेत आमचं शूट चालू होतं. तिथे जपानी पद्धतीचा कोपरा आहे. लाल लाकडी पूल, तळं, दगडी कंदील, मागे बांबू. नवरी वैष्णवी शिंदखेड्याकडची. जपानी थीमचा हट्ट तिचाच. सुरतच्या मावशीने तिला किमोनो शिवून पाठवला होता. नवरदेव चेतन भुसावळचा, रेल्वेत नोकरीला. लग्न पंधरवड्यावर आलेलं. दोघं एकमेकांशी अजून अहो-जाहो करत होते.

लग्नाआधी पोरीला एकटं कसं पाठवायचं, म्हणून घरच्यांनी तिच्या आजोबांना सोबत दिलं होतं. आबा तळ्यापलीकडच्या बाकावर काठी टेकून बसले होते.

"हाई काय घालं पोरनी?" त्यांनी मला विचारलं. "लगीन आठे शे का जपानमा?"

"फोटोपुरतंच आहे, आबा. लग्न इथेच, जपानात नाही."

त्यांनी चेतनकडेही एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. स्थळ त्यांच्या मनाविरुद्ध ठरलं होतं, हे वैष्णवीने मला तिचा मेकअप चालू असताना सांगितलं होतं.

थंडी सरत आली की आपल्याकडे सकाळीच ऊन टोचायला लागतं. चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. म्हणून मी पुलाच्या टोकाशी स्क्रिम लावला होता. स्क्रिम म्हणजे फ्रेमवर ताणलेलं भलंमोठं पांढरं कापड. त्यातून ऊन मऊ होऊन खाली येतं. चेहरे छान दिसत होते. वैष्णवी पहिल्यांदाच मोकळी हसली आणि मी बटण दाबलं.

तेवढ्यात फ्रेममध्ये जांभळा धूर आला.

रोहित बांबूंमागे उभा राहून नळी हलवत होता. धूर सरळ वर गेला. मी वर पाहिलं. बांबूंमागे शिरीषाचं उंच झाड होतं आणि त्याच्या फांदीला, पानांआड, आग्यामोहोळ लटकत होतं. माझं माहेर यावलचं. सातपुड्याच्या पायथ्याला हे मोहोळ सगळ्यांना माहीत असतं. धुराने माश्या उठल्या आणि घोंघावत खाली यायला लागल्या.

रोहित नळी टाकून गाड्यांकडे पळाला. मेकअपवाली त्याच्या मागे. वैष्णवीला पळताच येईना. किमोनो घोट्यापर्यंत घट्ट गुंडाळलेला, पाऊल वीतभरच पडत होतं. मी क्लिपा ओढून कापड सोडवलं आणि तिला खाली बसवून दोघींच्या अंगावर घेतलं.

"चेतन, आत या," मी ओरडले.

तो उलट दिशेला पळत होता. हाही गेला, असं मला वाटलं. वैष्णवीनेही पाहिलं असावं.

मग पुलाच्या फळ्या धडधडल्या. कापड उचललं गेलं आणि चेतन आत घुसला. पाठीवर आबा. त्यांच्या डोक्यावर त्याने स्वतःचा कोट टाकला होता. त्याचा चेहरा मात्र उघडाच होता.

आम्ही कापडाच्या कडा गुडघ्यांखाली दाबून धरल्या. माश्या वरून गारांसारख्या आपटत होत्या. आत शिरलेल्या दोन-चार माश्या मी कॅमेऱ्याच्या पट्ट्याने चिरडल्या. वैष्णवीने चेतनचा हात धरला होता. कधी धरला कोण जाणे.

"तुले भलत्या चावन्यात रे पोऱ्या," आबा म्हणाले.

"तुम्हाला चावल्या का?" चेतनने विचारलं.

"मले नही."

आवाज कमी झाल्यावर बागेच्या माणसाने गाडी अगदी जवळ आणून लावली. आम्ही कापडासकट आत शिरलो आणि थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी चेतनच्या मानेतले, कपाळातले काटे काढले, इंजेक्शन दिलं. आबांचं बीपी पुन्हा पुन्हा तपासलं. वैष्णवी दाराशी उभी होती. किमोनोची एक बाही फाटली होती.

"श्वास नीट चाललाय. थोडा वेळ इथेच थांबा, पण काळजीचं कारण नाही," डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मी बाकावर बसले.

रोहित सुजलेला कान धरून आला. त्याने चेतनचा चेहरा बघितला. त्याला रडू फुटलं.

निघताना आबा पायऱ्यांवर थांबले. "आते काढ फोटो."

"आबा, यांचा डोळा सुजलाय," वैष्णवी म्हणाली. "नंतर काढू."

"आतेच काढ. मना बी काढ."

दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे मी तिघांना उभं केलं. फाटक्या बाहीची नवरी, एका डोळ्याचा नवरदेव आणि मध्ये आबा, नातजावयाच्या खांद्यावर हात टाकून. सूज लग्नाआधीच उतरली. मांडवाच्या दाराशी मात्र हाच फोटो मोठा करून लावला होता.

मी अजूनही त्या बागेत शूट करते. लोकेशनवर गेले की प्रकाश नंतर बघते. आधी झाडं बघते आणि त्यानंतर नवरदेवाच्या मित्रांचे खिसे.