फायनलचा कूलर

आमच्या घरी पहिला कूलर आला, तेव्हा ठेलेवाला तो दारात उतरवतो न उतरवतो तोच समोरच्या ओट्यावरून आवाज आला, ‘आला गा, फायनलचा कूलर आला.’ ओट्यावरचे सगळे हसले. ठेलेवालाही हसला. त्या बिचाऱ्याला कशाचं हसू ते ठाऊकही नव्हतं. कूलर माझ्या पैशानं आला होता. साड्यांना फॉल-पिको करून डोळे फोडले तेव्हा आला. पण नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत त्याचं बारसं झालं ते झालंच. नागपूरच्या मे महिन्यात कूलर लावला नाही तर माणूस भाजून निघतो. आम्ही तो लावला की त्याची घरघर अख्खी गल्ली ऐकून राहिली आहे असं मला वाटायचं.

ही कोणती फायनल, ते सांगते. माझे मिस्टर कबड्डी खेळायचे. उजव्या कोपऱ्याला उभे राहायचे आणि चढाईला आलेल्याचा घोटा धरायचे. एकदा धरलेला घोटा सुटत नसे. आमची सोयरीक जमत होती तेव्हा माझ्या आईनं विचारलं, मुलगा करतो काय? मध्यस्थ म्हणाले, ‘घोटा धरते.’ आईनं पुन्हा विचारलं, ते झालं, पण पोटापाण्याला काय करतो? लग्नानंतर मीही बायांच्या बाजूला बसून सामने पाहू लागले. विहारामागच्या मैदानावर माती चाळून पाणी मारायचे, चुन्याच्या रेघा ओढायचे. यांनी पकड केली की पोरं यांना खांद्यावर घ्यायची. पानठेल्यावर यांच्याकडून पानाचे पैसे घेत नसत. तेव्हा माझीही मान ताठ असायची, कशाला खोटं बोलू.

मंडळाचे एक उस्ताद होते. खेळ शिकवणारे. त्यांची शिकवण एकच: लागलं तर लागलं. म्हणजे चढाईवाल्याचा हात-पाय तुला लागला, तर आपणहून हात वर करायचा आणि बाहेर जायचं, पंचानं पाहिलेलं असो की नसो. दरवर्षी मैदान तयार झालं की उस्ताद सगळ्या खेळाडूंना मधल्या रेषेजवळ बसवायचे आणि मातीला हात लावून हेच म्हणवून घ्यायचे. कॅप्टनपासून सगळे म्हणायचे. लोक टाळ्या वाजवायचे. आमच्या मंडळाची ही रीत, आणि तिचा केवढा तो अभिमान. दुसऱ्या मंडळांना त्यावरून टोमणे मारायचे.

त्या वर्षी सेमीफायनलला समोरच्या टीमच्या एका पोरानं असाच हात वर केला. आमच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. ‘खानदानी पोरगं आहे गा,’ म्हणाले. सामना आम्ही जिंकत होतो, म्हणून तो खानदानी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणतात. आमच्या मैदानावर उलटं चालतं. परक्याचा खरेपणा आमच्या लोकांना गोड लागतो आणि घरचा जहर.

फायनल इतवारीच्या टीमशी होती. सामना बरोबरीत, शेवटची चढाई त्यांची. त्यांचा पोरगा आला, यांच्या कोपऱ्याकडं लाथ फिरवली आणि रिकाम्या हातानं मागं गेला. पंचानं काही दाखवलं नाही. तो पोरगा स्वतःच गुडघ्यावर हात ठेवून मान खाली घालून उभा होता. आमचे लोक उड्या मारत होते, आता जादा वेळ मिळणार म्हणून. तेवढ्यात यांनी हात वर केला आणि रेघ ओलांडून बाहेर आले.

पंच जवळ आला. हे म्हणाले, ‘लागलं. पोटरीले नख लागलं.’ पॉइंट त्यांना गेला. आम्ही हरलो.

कॅप्टननं यांची कॉलर धरली. ‘कोनी पाह्यलं होतं बे? पंचानं नाही, त्या पोट्ट्यानं नाही. मंग काहून हात वर केला?’

‘लागलं होतं म्हनून.’

‘आमाले काहून नाही दिसलं?’

उस्ताद तिथंच होते. एक शब्द बोलले असते, की पोरांनो, मीच शिकवलं आहे हे, तर तिथल्या तिथं सगळं मिटलं असतं. त्यांनी चुन्याची बादली उचलली आणि घरी निघून गेले. पुढं काही वर्षांनी वारले. लोक म्हणतात, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी बोलते. शिकवताना जीभ होती, साक्ष द्यायच्या वेळी कुठं गेली?

तरी एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, हार झोंबते माणसाला, होईल शांत. पण त्याच हिवाळ्यात यांना शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात काम लागलं. ट्रकमधून उतरणारा माल मोजून घ्यायचं. गोदामाचा मालक राहायला इतवारीचा. झालं. इतवारीच्या टीमकडून हरले, इतवारीच्या शेठकडं चिकटले. दोन आणि दोन चार करायला आमच्या लोकांना वेळ लागत नाही, आणि चारचे चाळीस करायला तर मुळीच नाही. त्या शेठला कबड्डी कशाशी खातात तेही माहीत नव्हतं. माझ्या मावसभावानं शब्द टाकला म्हणून काम मिळालं. हे मी किती जणींना सांगितलं. ‘हो वं, हो,’ म्हणायच्या आणि एकमेकींकडं पाहायच्या.

मग आमच्या घरात येईल ती वस्तू फायनलची. सायकल गेली आणि जुनी लुना आली, फायनलची. मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घातलं, फायनलच्या पैशानं. कूलरचं तर सांगितलंच. एकदा मी संतापून ओट्यावरच्या एकाला म्हटलं, ‘एवढे पैसे भेटले असते तर तुमच्या शेजारी राहिले असते का जी मी?’ तो म्हणाला, ‘वहिनी, गंमत करून राहिलो न.’ आमचं आयुष्य म्हणजे या लोकांची गंमत.

खेळ पाहणाऱ्या माणसांचं मला एक कळलं आहे. त्यांना खेळाडू आठवत नाही, एक मिनिट आठवतं. त्याआधीचे सगळे घोटे, सगळ्या पकडी, मनगट मोडलेलं असताना खेळलेला सामना, सगळं पाण्यात. त्या एका मिनिटावरून ते माणसाचा स्वभाव काढतात, स्वभावावरून नियत काढतात आणि तिथून त्याच्या बायकापोरांपर्यंत येतात. आणि ज्यानं रोज रडी खेळली, लागलं तरी नाही म्हटलं, तो जिंकून देत होता म्हणून ‘जिगरवाला’. आमचा कॅप्टन तसलाच. आज मंडळाचा अध्यक्ष आहे.

यांनी मात्र मैदानावर जाणं सोडलं. वाडीहून घरी येताना सरळ रस्ता मैदानावरून होता, तो टाळून मोठा फेरा घालून यायचे. मी म्हणायची, ‘काहून जी, चोर आहात का तुमी?’ तर म्हणायचे, ‘त्या बाजूनं गर्दी राह्यते.’ रिटायर झाल्यावर कोणीतरी यांना मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घातलं. तिथं जुने फोटो टाकतात. टीमचा फोटो आला की खाली कोणीतरी लिहितंच, ‘उजवीकडून दुसरा, हाच तो.’ खाली हसण्याची चित्रं. लिहिणारे त्या फायनलच्या वेळी जन्मलेलेही नव्हते. एकदा कोणी लिहिलं की मातीवरच्या जुन्या खेळात असं हात वर करणं म्हणजे इज्जतीची गोष्ट होती. त्याच्यावर चार जण तुटून पडले. हे सगळं वाचायचे, चष्मा वर करून पुन्हा वाचायचे. मी म्हटलं, निघा त्या ग्रुपातून. निघाले नाहीत. मला तेव्हा कळलं, की हा माणूस तिथं कशाची तरी वाट पाहून राहिला आहे. कोणीतरी एकदा, सगळ्यांसमोर, म्हणावं की तू विकला गेला नव्हतास. बस, एवढंच पाहिजे होतं.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. आमचा माणूस जिवंत होता, म्हणून तेवढंही नशिबात नव्हतं. पण यंदा मंडळाचा मोठा वर्धापन दिन आला आणि अध्यक्ष दोघांना घेऊन आमच्या दारात हजर झाला. सगळ्या जुन्या खेळाडूंचा सत्कार आहे, म्हणाला. ‘दादाले घेऊनच या वहिनी. झालं गेलं सोडा.’

मी चहा ठेवला, पण विचारल्याशिवाय राहिले नाही. ‘माईकवर काय बोलणार आहात?’

‘चांगलंच बोलू न. तुमी काहून टेन्शन घेता?’

ते गेल्यावर मी यांना म्हटलं, जाऊ नका. ज्यानं कॉलर धरली त्याच्या हातून नारळ घेणार का? यांनी कपाटातून पांढरा शर्ट काढला आणि माझ्यासमोर इस्त्री करायला बसले. कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिले, फिरवत राहिले. इतक्या वर्षांत मी यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. पोरगं पहिल्यांदा शाळेत निघावं तसा. मग मीही साडी बदलली.

मैदान आता ओळखू येत नाही. मातीवर निळी-पिवळी मॅट, वर लोखंडी छत, डीजे. फाटकावर फ्लेक्स होता. अध्यक्षाचा फोटो दरवाजाएवढा आणि जुन्या खेळाडूंचे खाली ओळीनं, पासपोर्ट साइजचे. यांचाही होता. यांनी तो वाकून पाहिला. आम्ही बसलो. एकेकाला बोलावून शाल-श्रीफळ देत होते. कोणी किती कप आणले, कोणाचा पोरगा पोलिसात लागला, सगळं सांगत होते. यांचा नंबर आला तेव्हा अध्यक्षानं निवेदकाच्या हातून माईक स्वतः घेतला.

‘आता यांच्याबद्दल मी काय सांगू? तुमाले सर्वांले मालूम आहे,’ तो म्हणाला. मागून कोणीतरी शिट्टी मारली. त्यानं हात करून त्याला गप्प केलं. मोठा समजूतदार. ‘चूक कोनाकडून होत नाही? तरुणपणी पाय घसरते माणसाचा. पण मंडळ म्हणजे घर असते, आन घरच्या माणसाले घराबाहेर नाही काढत. आज या मैदानावरून मी सांगून राहिलो, मंडळानं दादाले मोठ्या मनानं माफ केलं आहे.’

टाळ्या. इतक्या टाळ्या तर यांना एकाही पकडीला मिळाल्या नसतील. लोक उभे राहिले. माझ्या शेजारच्या बाईनं डोळे पुसले. मी उठले होते, स्टेजवर जाऊन त्याच्या हातून माईक घ्यावा म्हणून. त्या बाईनं माझा पदर धरला. ‘बस वं बाई, एवढं चांगलं बोलले.’ माफ केलं. म्हणजे गुन्हा पक्का झाला. आतापर्यंत ओट्यावर बोलत होते, व्हॉट्सॲपवर बोलत होते, कोणी खरं मानायचं कोणी नाही. आता माईकवरून शिक्कामोर्तब झालं, आणि वर त्याचंच मन मोठं ठरलं.

आणि हे काय करत होते? हात जोडून उभे होते. शाल अंगावर, नारळ काखेत. हसत नव्हते आणि रडतही नव्हते. अध्यक्षानं मिठी मारली तर मारू दिली. माईक समोर होता. लागलं होतं म्हणून हात वर केला, एवढं एक वाक्य. तेही नाही.

खाली आल्यावर मी अध्यक्षाला गाठलं. ‘माफी कशाची दिली जी तुमी?’ तो इकडंतिकडं पाहत म्हणाला, ‘वहिनी, आता वाढवू नका. लोकांनी किती मनावर घेतलं पाहा न.’ यांनी माझा दंड धरला आणि फाटकाबाहेर आणलं.

आम्ही पायी निघालो. दिवे लागत होते, रस्त्यावर भाजीचे ठेले उभे होते. माझं तोंड चालू होतं. नारळ तिथंच फेकायचा होता, शाल त्याच्या तोंडावर मारायची होती, असं मी बोलत सुटले. हे ऐकत होते की नाही कोण जाणे. बऱ्याच वेळानं थांबले.

‘तू होती न वं त्या दिवशी?’

‘होते तर. कुठं जाते?’

‘मंग तूच सांग. मले लागलं होतं का खरंच?’

मला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. यांच्याकडं पाहिलं. हे मस्करी करत नव्हते. ‘येवढे लोक म्हणतात तर मलेच आता आठवत नाही,’ हे म्हणाले. ‘आधी आठवायचं. नख लागलं ते पोटरीवर समजायचं. आता हात वर केला तेवढाच आठवते. काहून केला, ते नाही आठवत.’

मेल्यांनी घरात शिरून एवढंही नेलं होतं. सगळ्या गल्लीचं ऐकून घेतलं, यांच्या चालण्याचा रस्ता गेला, पण ती एक गोष्ट यांच्याजवळ आहे असं मी धरून चालले होते.

‘लागलं होतं,’ मी म्हटलं. ‘मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. पोटरीला नख लागलं होतं.’

यांनी मान हलवली, नाही म्हणून.

‘तिथून नाही दिसत वं,’ हे म्हणाले. ‘तुमी बाया समोर बसल्या होत्या, पाय मागचा होता.’

आणि खांद्यावरची शाल काढून माझ्या हातात दिली, आणि रस्ता ओलांडायला लागले.