सुपातली तेरा पानं

मोतीरामच्या डोळ्याचा पडदा सरकला तो नेमका डाव रंगात असताना. पानावरचा गुलाम काळा आहे की आपल्याच डोळ्यापुढे काळं आलंय, हे त्याला कळेना. तरी त्याने डाव शेवटपर्यंत खेळला, हरला, आणि मग बायकोला सांगितलं. शहाणा माणूस आधी सांगतो. पण पत्ते खेळणाऱ्याला शहाणं कोण म्हणेल?

डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला आणि बजावलं, की पंधरा दिवस पालथं झोपायचं, मान वर करायची नाही. कुसाबाईने दिवाणावर दोन उशा लावल्या, मधे तोंडापुरती फट ठेवली आणि नवऱ्याला पालथं घातलं. तोंड बंद ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, ही मोठी चूक झाली.

"कुसे, फोन आण. तीन वाजत आले."

तीन वाजता रमी असायची. मोतीराम, गोरख, चंदर आणि सुनील हे चौघे अंबडच्या एका कारखान्यात एकाच शॉपमध्ये लेथ मशीनवर टर्नर. जेवणाच्या सुट्टीत खोक्यावर पुठ्ठा टाकून त्यांनी सगळी नोकरी पत्ते कुटले. निवृत्त झाल्यावर गोरख शेती बघायला विंचूरला गेला. चंदर लेकीकडे राहायला गेला द्वारका चौकापलीकडे, आणि रोज ती गर्दी ओलांडून सिडकोत मोतीरामकडे येण्यापेक्षा पत्ते सोडलेले बरे असं त्याने जाहीर केलं. शेवटी सुनीलने चौघांच्या फोनमध्ये रमीचं ॲप टाकलं आणि चौघांपुरतं टेबल काढलं. पैसे नाहीत, नुसते गुण. सोबत चौघांचा फोन जोडून ठेवायचा, कारण शिव्या घातल्याशिवाय यांना पानं दिसत नसत.

आता एका डोळ्याला पट्टी आणि दुसऱ्यात मोतीबिंदू. फोन नाकाखाली धरला तरी बदाम कुठला आणि चौकट कुठली हे मोतीरामला उमजेना.

"सांगा ना मग त्यांना, पंधरा दिवस जमणार नाय म्हणून," कुसाबाई म्हणाली.

"आणि सुनीलचा मेहुणा आहे ना तो दीपक, तो टपलाय माझ्या जागेवर. एकदा बसला की उठायचा नाही. तू फक्त बोट लाव. डोकं माझं."

इतकी वर्षं कुसाबाईने या खेळाला चहा पुरवला होता. दिवाळीत चौघे घरी जमायचे तेव्हा भजीही. पण कुठलं पान कशाशी जातं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर "तू भजी बघ" असं उत्तर आलं असतं, ते तिला न विचारताच ठाऊक होतं.

त्या दिवशीची रमी बुडाली आणि शिकवणी दुसऱ्या सकाळी सुरू झाली. गुरू पालथा, शिष्या जमिनीवर फोन घेऊन.

"तेरा पानं येतात. एक उचलायचं, एक टाकायचं. गड्डीतून उचल नाहीतर समोर टाकलेलं उघडं उचल. ओळी लावायच्या. पाच-सहा-सात, एकाच रंगाचे."

"लावली. पाच, सहा, सात. लाल."

"सगळे बदाम?"

"दोन बदाम, एक चौकट."

"रंग म्हणजे बदाम, चौकट, किलवर, इस्पिक! लाल-काळा नव्हे!"

"मग रंग कशाला म्हणता? लाल हा रंग नाय का?"

उशांमधून फक्त सुस्कारा आला. मग पुढचं. निदान दोन ओळी पाहिजेत, त्यातली एक बिनजोकरची, तिला प्युअर म्हणायचं. प्युअर नसली तर बाकी काहीही लागलेलं असो, सगळी पानं अंगावर. एकाच आकड्याची वेगवेगळ्या रंगांची तीन किंवा चार पानं म्हणजे सेट. जोकर कुठेही चालतो, फक्त प्युअरमध्ये नाही. एक्का, राजा, राणी, गुलाम यांचे दहा-दहा गुण, बाकीच्यांचे आकड्याप्रमाणे. ज्याचे गुण जास्त तो हरला.

"जास्त गुणवाला हरतो?"

"हो."

"उलटंच आहे सगळं. तरीच तुम्हाला आवडतं."

खरी पंचाईत तीन वाजता कळली. फोन जोडलेला असल्यामुळे कुसाबाई हातातली पानं मोठ्याने वाचून दाखवू शकेना, तिघेही ऐकणार. कुजबुजावं तर पालथ्या माणसाला ऐकू येईना. तिनेच तोड काढली. माहेर मखमलाबादचं, भाजीपाल्याचं. बदाम म्हणजे टोमॅटो, चौकट म्हणजे गाजर, इस्पिक म्हणजे वांगं आणि किलवर म्हणजे कोथिंबीर; गुलाम, राणी, राजा म्हणजे अकरा, बारा, तेरा.

"अहो, सात वांगी, आठ वांगी आहेत. नऊ टोमॅटो एकटे पडलेत."

"टोमॅटो काढून टाक."

"वहिनी," फोनमधून चंदरचा आवाज आला, "दोन माणसांना एवढी वांगी?"

"भरीत करतेय, भावजी."

पहिल्याच दिवशी तिने घात केला. तिच्याकडे चार नव्वे आले, चार रंगांचे. एवढं जमलंय तर हीच प्युअर, असा तिचा सरळ हिशोब. बाकीचं जोकर लावून पुरं केलं आणि डाव दाखवला. ॲपने लाल अक्षरांत ऐंशी गुण अंगावर घातले.

"मोत्या!" गोरख हसून हसून खोकायला लागला. "डॉक्टरनं डोळ्याचाच पडदा काढला ना रं? का मेंदूचा बी?"

मोतीरामने तोंड उशीत आणखी खुपसलं. त्या दिवशी बायकोच्या चुकीचं बोलणं त्याने स्वतःवर घेतलं, तेवढं त्याच्या नावावर लिहायला हवं. फोन बंद झाल्यावर मात्र त्याने कसर भरून काढली. कुसाबाईने ऐकून घेतलं आणि त्याचं जेवण होऊन तो घोरायला लागल्यावर ॲपमधला सरावाचा डाव उघडला. तिथे मशीन समोर खेळतं आणि टोमणे मारत नाही. तिला ते फार आवडलं.

दोन-तीन दिवस नवऱ्याने सांगितलं तसं बोट लावल्यावर तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. मोतीराम राजा-राणी कधी टाकायचा नाही. दोघे हातात आले की गुलाम येईल, गुलाम येईल, म्हणून डाव संपेपर्यंत धरून बसायचा. गुलाम यायचा नाही, दुसरा कुणी डाव दाखवायचा, आणि याच्या अंगावर दहा-दहा चढलेले.

एका सकाळी मखमलाबादहून भाऊ भेंडी देऊन गेला. ती निवडताना तिचा हात सवयीने मोठ्या भेंडीकडे गेला. मोठी भेंडी आधी काढायची असते. झाडाला ठेवली की निबर होते, उद्या कुणी हात लावत नाही. कोवळी राहू दे, ती दोन दिवस थांबेल. लहानपणापासून तिने हेच केलं होतं, आणि गेले तीन दिवस ती निबर भेंड्या उराशी धरून बसली होती.

त्या दुपारी मोतीराम म्हणाला, "दोन वांगी टाक." तिने बदामचा राजा टाकला. त्याला काय दिसणार? पुढच्या हाताला राणी गेली. मधली पानं, सहा-सात-आठ, तिने धरून ठेवली. त्यांना दोन्ही बाजूंनी सोयरिक जुळते. उघडं पान उचललं की समोरच्याला आपला बेत कळतो, म्हणून ती शक्यतो गड्डीतलंच उचलू लागली. चंदर कोणता रंग टाकतोय, गोरख कोणता आकडा उचलतोय, ते बघू लागली. आणि पानं अगदीच रद्दी आली की पहिल्याच हाताला पॅक करून, म्हणजे डाव सोडून, वीस गुणांवर सुटू लागली. मोतीरामने जन्मात कधी पॅक केलं नव्हतं. त्याच्या लेखी तो पळपुटेपणा होता.

डाव लागायला लागले.

"मोत्या, काय खातोस पालथा पडून?" सुनील चिडून म्हणाला.

"अरे, चाल बघ माझी! शांत डोकं लागतं त्याला," उशांमधून उत्तर गेलं.

कुसाबाईने मान वर करून नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं. मग पुढचं पान उचललं. तीनला पाच कमी असताना आता तीच फोन पुसून तयार ठेवायची. भांडी चार वाजेपर्यंत पडून राहायची. एवढ्या आयुष्यात तिची भांडी कधी पडून राहिली नव्हती आणि आता त्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

बुधवारी डॉक्टरांनी डोळा तपासला, पडदा बसलाय म्हणाले, मान वर करायला परवानगी दिली. रिक्षात मोतीराम खूश होता. "रविवारी सगळ्यांना घरीच बोलावतो. खऱ्या पत्त्यांनी खेळू. नंतर फोनवरही मीच. तुझी सुटका झाली बघ."

"हं," कुसाबाई म्हणाली. रविवारपासून तीन वाजता आपण काय करायचं, हे तिला सुचेना. भांडी होतीच.

रविवारी तिघे आले. गोरखने विंचूरहून कांद्याची पिशवी आणली. चंदर द्वारकेच्या चौकाला शिव्या घालतच आत शिरला. जमिनीवर चादर पसरली, दोन कॅट एकत्र पिसून झाले, मोतीराम डोळ्याला काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसला. कुसाबाई ओट्यापाशी उभी राहून चहा ठेवत होती आणि कान चादरीवर होते.

मोतीराम पहिला डाव हरला. दुसरा हरला. तिसऱ्यात त्याच्या हातात दोन राजे आणि एक राणी निघाली. गोरखने आपली पानं पालथी घातली.

"मोत्या, एक इचारू? फोनवर तू राजा पयल्या हाताला टाकायचा. कंपनीत कधी टाकला नाय. आज बी धरूनच बसलाय. ही काय भानगड हाय?"

"आणि पॅक करायचास," सुनील म्हणाला. "तू आणि पॅक!"

"आणि ती वांगी," चंदर सावकाश म्हणाला. "रोज बरोबर तीन वाजता ह्या घरात भाजी निवडायला घ्यायचे. आज कुठे गेली भाजी?"

मोतीरामने मान खाली घातली. आता डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना.

कुसाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "कसली भानगड भावजी, डोळा अजून दुखतो त्यांचा," एवढं म्हणून ट्रे ठेवला असता तर नवऱ्याची अब्रू राहिली असती. पण तीन वाजताची तिची जागाही तिथेच संपली असती. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने चष्म्याआडून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा चादरीकडे.

"टोमॅटो म्हणजे बदाम," ती म्हणाली. "गाजर म्हणजे चौकट. कोथिंबीर किलवर, वांगं इस्पिक. पहिले तीन दिवस ह्यांचं डोकं, पुढचे माझं."

 चंदरने गुडघ्यावर थाप मारली. "म्हणजे मला दहा-बारा दिवस वहिनींनी लोळवलं!"

"ऐंशी गुण कुणाचे?" गोरखने विचारलं.

"ते बी माझेच."

सुनीलला मात्र ते गिळेना. "फोनवर बोट लावणं वेगळं, वहिनी. तिथं ॲप पानं लावून देतं."

"मग इथं वाटा."

"पाच जणांत वाटतो," गोरख म्हणाला. "मोत्या, सरक."

मोतीराम सरकला. तिने ट्रे त्याच्याच पुढ्यात ठेवला होता, म्हणून कप त्यालाच वाटावे लागले.

सुनीलचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. कुसाबाईने पत्ते बघितले होते, हातात कधी धरले नव्हते. तेरा पानं पंख्यासारखी धरायला गेली तर चार पानं मांडीवर सांडली आणि एक सुलटं चादरीवर पडलं. सुनील हसला. पुन्हा लावली, पुन्हा सांडली. तिसऱ्यांदा सांडल्यावर ती उठली, स्वयंपाकघरातून सूप घेऊन आली, मांडीवर ठेवलं आणि सुपाच्या उंच कडेआड तेरा पानं टेकवून उभी केली. टोमॅटो एकीकडे, वांगी एकीकडे.

"हे चालतं का नियमात?" सुनील म्हणाला.

"नियमात सूप नको असं कुठं आहे? दाखवा."

मोतीरामने आपली पानं बघितली. बराच वेळ बघितली. मग खाली ठेवली. "मी पॅक."

तिघांनी त्याच्याकडे असं पाहिलं जणू तो लेथ चालू ठेवून घरी निघाला.  त्याने चहाचा घोट घेतला आणि हळूच बायकोच्या बाजूला कलला.

कुसाबाईने गड्डीतून पान उचललं, सुपात लावलं, दोन पानं इकडची तिकडे केली. मग इस्पिकचा राजा उचलून चादरीवर टाकला.

"अगं, राणी आहे ना तुझ्याकडे, राजा कशाला..."

"राणी आहे!" गोरख ओरडला. "ऐकलं का, राणी हाय वहिनीकडं!"

कुसाबाईने सूप उचलून पलीकडच्या मांडीवर घेतलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही आपले पालथे झोपा बघू."

आणि चंदरकडे बघून बोटाने खूण केली, की उचला, तुमची पाळी.