तो घुमटीपाशी झोपायचा

आमच्या लालबागच्या चाळीत एक कुत्रा होता आणि प्रत्येक खोलीत त्याला वेगळं नाव होतं. आमच्या खोलीतलं नाव मी इथे लिहिणार नाही, ते माझ्यापाशीच राहू दे. तो सगळ्या चाळीचा म्हणायचा, पण जेवायला आमच्याकडे, कारण आईची खानावळ होती. बायकामुलं गावी ठेवून गिरणीत आलेले सात-आठ कोकणी बाप्ये आमच्या खोलीत जेवायचे. त्यांच्या ताटांतलं उरलंसुरलं त्याला मिळायचंच, तरी आई त्याच्यासाठी वेगळा दूधभात कालवायची. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. एवढे लाड माझे कधी केले नाहीस, असं मी तिला ऐकवत असे आणि ती हसत असे.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती, त्या सुमारास तो आजारी पडला. आधी नुसता ओकायचा. मग दोन दिवस बरा असायचा, मग पुन्हा पोट आत ओढून कण्हत बसायचा. भात हुंगून तोंड फिरवायचा. चाळीत सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं दृष्ट. ओवा झाला, ताक झालं, मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. महिना गेला, त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या, तरी जो तो "पडेल उतार" म्हणायचा आणि जिना चढून आपल्या खोलीत जायचा. ते दोन शब्द ऐकले की अजून माझं डोकं फिरतं.

शेवटी एके दुपारी आईने जेवणं उरकली, त्याला टोपलीत बसवलं आणि आम्ही दोघी परळच्या जनावरांच्या इस्पितळात चालत गेलो. हरताळ होता. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, ट्रामा बंद. वडील मोर्चाला गेले होते. टोपली एकदा आईच्या डोक्यावर, एकदा आम्हा दोघींच्या मध्ये, असं करत पोचलो.

डॉक्टर म्हातारे पारशी होते. त्यांनी त्याचे डोळे, हिरड्या, पोट, सगळं सावकाश पाहिलं. मग विचारलं, "खाते काय हा?"

"दूधभात खाता, नायतर माशाचो काटो. दुसरां काय्येक नाय," आई म्हणाली.

"रंग चाटते काय कुठे? दार, खिडकी, पाळणा, काय पण रंगवलेला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. रंग म्हटल्यावर आम्हा दोघींना एकच आठवलं. वडील आणि त्यांचे सोबती गेरूने भिंतींवर घोषणा लिहायचे, आणि ते बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी आम्हाला ताकीद होती. "आमच्याकडे रंग नाय," आई घाईने म्हणाली. डॉक्टरांनी पोटाची औषधं दिली आणि आठ दिवसांनी पुन्हा आणायला सांगितलं.

घरी आलो त्याच संध्याकाळी संचारबंदी लागली. तो बाहेर जाऊ नये म्हणून आईने त्याला खाटेच्या पायाला बांधून ठेवला. आणि काय सांगू, तो सुधारला. चौथ्या दिवशी वाटीभर भात खाल्लान, सहाव्या दिवशी खानावळीतल्या एका बाप्याची चप्पल पळवलीन. मी आनंदाने त्याच्या गळ्यातच पडले. आईचं म्हणणं मात्र वेगळं होतं. तिने चाळीच्या अंगणातल्या मारुतीला नवस केला होता. "देवान वाचवल्यान तेका," ती म्हणाली. बरा झाला, मग इस्पितळाची फेरी कशाला, असं आम्ही ठरवलं.

मारुतीची ती घुमटी म्हणजे कुत्र्याची झोपायची जागा. शनिवारी चाळीतल्या बायका मारुतीला तेल घालायच्या, शेंदूर लावायच्या, आणि तेलात कालवलेला शेंदूर खाली ओघळायचा. तो कुत्रा मारुतीचे पाय चाटून साफ करायचा. त्याला कुणी कधी हाकललं नाही. उलट कौतुक होतं, शेजारच्या चाळीतले लोकही तो भक्त कुत्रा बघायला यायचे. डॉक्टरांनी रंग म्हणून विचारलं, तेव्हा हे आमच्या मनातसुद्धा आलं नाही. शेंदूर म्हणजे देव. त्याला रंग कोण म्हणेल?

संचारबंदी उठली, त्या शनिवारी आईने नवस फेडला. मारुतीला नेहमीच्या दुप्पट तेल आणि शेंदूर वाहिला, कुत्र्याच्या कपाळाला, नाकाला फासला आणि त्याला पोटभर चाटू दिलं. मी टाळ्या वाजवत होते. पुढचा शनिवारही तसाच गेला. त्यानंतर त्याला झटके यायला लागले. तो भिंतीवर आपटायचा, तेव्हा आम्हाला कळलं की त्याला दिसत नाही.

आम्ही धावतच परळला गेलो. डॉक्टरांनी त्याच्या नाकावर बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. "हे लाल काय आहे, बाई?"

"शेंदूर. मारुतीचो," आई म्हणाली.

त्यांनी बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाले, "ह्याच्यात शिसा असते, बाई. विष आहे ते." आवाज अगदी हळू होता. पोट साफ करायचं औषध त्यांनी दिलं, पण फार उशीर झाला आहे, हेही लपवलं नाही.

वाटेत आई टोपली छातीशी धरून चालत होती. मी भर रस्त्यात तिला म्हणाले, "तू मारलंस त्याला." टाळ्या मी वाजवल्या होत्या, हे मात्र सोयीस्कर विसरले. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

तो आणखी दोन दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आई नळावर पाणी भरायला गेली आणि मी त्याच्याजवळ बसले. हाका मारल्या, कान कुरवाळले, तो हलला नाही. तेवढ्यात आई हंडा घेऊन गॅलरीतून येऊ लागली. ती उंबऱ्याशी पोचायच्या आधीच त्याने मान उचलली, आवाजाच्या दिशेला वळवली आणि शेपटी जमिनीवर आपटली. एकदा, मग पुन्हा एकदा. आई आत आली तोवर मान खाली पडली होती. तो गेला होता.

आई त्याच्यापाशी बसली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत तिने विचारलं, "तेना माका वळाखल्यान काय गो, जाताना?"

मी रागात होते. मी म्हटलं, "नाही."

आई त्यानंतर तीस वर्षं जगली. मी रोज सांगेन सांगेन म्हणत होते.