मामांच्या जीपचा खांदा

माझ्या मामांइतका बैल समजणारा आणि मोटार न समजणारा माणूस आमगावपासून गोंदियापर्यंत दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका बेधडक मोटार हाकणाराही झाला नाही. लढाई संपल्यावर मोडीत निघालेल्या लष्करी जीपचा लिलाव होता. बैलजोडी आणायला निघालेले मामा जीप घेऊन परतले. घेताना तिचे दात बघायला मिळाले नाहीत, एवढीच त्यांची खंत. मी तेव्हा आमगावच्या शाळेत नवा मास्तर, मामांकडेच राहायचो. त्यामुळे शेजारी बसून देवाचं नाव घेण्याचं काम माझ्याकडे असे.

इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याच्या टोकाला फुलीसारखा एक सांधा असतो, मिस्त्री त्याला क्रॉस म्हणतात. मामांचा क्रॉस इतका झिजला होता की गिअर टाकला की आधी ‘ठण्ण’ व्हायचं, मग जीप जरा विचार करायची आणि मग निघायची. वेग वाढला की सगळा पत्रा थरथरून माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा. गोंदियाच्या मिस्त्रीने तो दांडा हाताने पिरगाळून दाखवला. पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. “काका, क्रॉस गया. आज ही बदल दो, नहीं तो रास्ते में शाफ्ट गिरेगा.” मामा हसले. “बैल बसल्यावाचून कोनी बदलवते का गा?” घरी येऊन त्यांनी स्वतःच निदान केलं, की जीपचा खांदा सुजला आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून झाल्यावर तूप-हळदीची वाटी आणि पळसाचं पान घेऊन ते जीपखाली शिरले, क्रॉस शेकला, आणि “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या” असं तिला रीतसर आमंत्रणही दिलं. मामी दारातून बघत होती. “पंचवीस वर्षं झाली, माह्या खांद्याले कोनी तूप नाही लावलं.” जीपखालून उत्तर आलं, “तू कोठं ठण्ण करतेस वो?”

पोळा होऊन चार दिवस झाले नाहीत तोच एका सकाळी मामीच्या पोटात असं दुखू लागलं की तिला उभं राहवेना. वैद्यांनी हात टेकले, गोंदियाला न्या म्हणाले. मागे मामीचं डोकं मांडीवर घेऊन मी बसलो. अर्ध्या वाटेत धाडकन आवाज झाला आणि जीप थांबली. दांड्याचं पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं होतं. मामा उतरून जीपपुढे हात जोडून उभे राहिले. “बाई, आज नको बसू. उद्या बस, परवा बस.” मग त्यांनी तिला शिव्या दिल्या. मग मामी कण्हली, तसे ते पाना घेऊन खाली शिरले, लोंबणारा दांडा सोडवून माझ्या पायाशी टाकला आणि पुढच्या चाकांना जोर देणारा खटका ओढला; लष्करी जीप ती, तिची चारही चाकं ओढायची. “जोडीतला एक बसला तं दुसरा ओढते,” ते म्हणाले. जीप पुढच्या दोन चाकांवर निघाली. तेवढ्यात पोट धरून मामी पुटपुटली, “हळू हाका जी, तिले लागंल.”

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. “वेळेवर आणलंत,” असं डॉक्टर म्हणाले आणि मामा व्हरांड्याच्या भिंतीला टेकून ढसाढसा रडले. तिथून उठले ते थेट मिस्त्रीकडे. नवा क्रॉस बसवला, वर एक जास्तीचा घेतला. पुढे प्रत्येक गोंदियाच्या खेपेला आणखी एक. “काका, दुकान खोलना है क्या?” मिस्त्री विचारायचा. कुलूप असलेली घरातली एकच जागा म्हणजे मामीची पेटी, म्हणून ते तिच्याकडे ठेवायला द्यायचे.

पाच-सहा वर्षांनी मामी तापाने गेली. जीप त्याआधीच विकली होती. तेरवीनंतर पेटी उघडली, तर लुगड्यांखाली नऊ कोरे क्रॉस निघाले. लुगड्यांना ग्रीस लागू नये म्हणून मामीने एकेक जुन्या चोळीच्या तुकड्यात शिवून ठेवला होता. मी म्हटलं, मामा, आता जीप नाही, मिस्त्री परत घेईल. मामांनी झाकण लावलं.

“राहू दे बापू,” ते म्हणाले. “तिचे हायेत ते.”